जखम भरायला किती दिवस?

टेबलाभोवती चार-पाच माणसं, प्रत्येकापुढे आपल्या पात्राचा कागद, मधे फासे. एक जण गोष्ट चालवतो, त्याला डीएम म्हणायचं. बाकीच्यांनी आपापलं पात्र काय करतंय ते सांगायचं, आणि निकाल कुठेही जाऊ शकतो अशी वेळ आली की फासा टाकायचा. टेबलटॉप रोलप्लेइंग म्हणतात तो खेळ एवढाच. १९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा नावाच्या लहानशा गावातून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाहेर पडला, आणि तेव्हापासून या खेळातलं एक भांडण मिटलेलं नाही. तलवारीचा वार बसल्यावर खऱ्या माणसाचं जे होतं ते पात्राचं व्हावं, की गोष्टीतल्या नायकाचं जे होतं ते व्हावं? एका बाजूला रक्त, चिखल, उपाशी पोट आणि अकाली मरण. दुसऱ्या बाजूला पराक्रम.

मी पुण्यात बरीच वर्षं डीएमच्या खुर्चीत बसतो. दोन्ही बाजूंचे नियम पुष्कळ वापरून झाले. हाती लागलं ते खाली मांडतो. क्रम सुचेल तसा आहे.

१. जखम केवढी, यापेक्षा ती किती दिवसांत भरते ते आधी बघा.

नवा डीएम कुठलंही नियमांचं पुस्तक उघडतो तेव्हा शस्त्रांचा तक्ता बघतो. कुठली तलवार किती ‘डॅमेज’ करते, त्यावरून खेळ कठोर की सौम्य ते ठरवतो. मी तिकडे शेवटी बघतो. १९७८च्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पुस्तकात लांब तलवारीचा माणसाएवढ्या शत्रूवरचा वार आठ बाजूंच्या एका फाशाचा. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत एका हाताने चालवलेल्या त्याच तलवारीचा वार तेवढाच. मधे ३६ वर्षं गेली, तलवारीला धार चढली नाही की ती बोथटही झाली नाही. बदलली ती रात्र. पात्राचा जीव हिट पॉइंटांत मोजतात. जुन्या नियमात दिवसभर पडून राहिलं की एक हिट पॉइंट परत यायचा. नव्यात आठ तासांची झोप काढली की सगळे.

एवढ्या एका फरकाने खेळाडू वेगळे वागतात. जुन्या नियमात भुयारातून अर्धमेले बाहेर आलेले लोक गावात पडून राहतात. खाणावळीचं बिल चढतं, तेवढ्यात भुयारातले उरलेले राक्षस दारावर नवा अडसर बसवतात, आणि उपचाराचा मंत्र येणारा पुजारी पार्टीतला सर्वांत लाडका माणूस होतो. नव्या नियमात सकाळी उठून सगळे ताजेतवाने, आणि काल ज्या खोलीत थांबलो तिच्यापासून पुढे.

आमच्या टेबलावर एक हाडांचे डॉक्टर आहेत. त्यांचं म्हणणं, मांडीचं हाड जुळायला तीन-चार महिने तरी लागतात. तुमच्या दोन्ही आवृत्त्या माझ्या दृष्टीने सारख्याच काल्पनिक. बरोबर आहे. पण खेळायला तेवढं वास्तव लागत नाही. दुखापतीमुळे काहीतरी अडायला हवं, एवढंच लागतं.

पाचव्या आवृत्तीच्या डीएमच्या पुस्तकात ‘ग्रिटी रिअ‍ॅलिझम’ नावाचा एक पर्यायी नियम आहे. त्यात वाराचा एकही आकडा बदललेला नाही. छोटी विश्रांती एक तासाऐवजी आठ तासांची आणि मोठी विश्रांती आठ तासांऐवजी सात दिवसांची, बस्स. पहिल्यांदा वाचणाऱ्याला ही पळवाट वाटते. टेबलावर आणून बघा. मूळ खेळ एका दिवसात सहा ते आठ चकमकी होतील असं धरून बेतलेला आहे. प्रवासात असं कधी घडत नाही. जंगलातून चार दिवस चालताना दोनदा लांडगे भेटतात, आणि जादूगार दोन्ही वेळा आपला सगळा दारूगोळा उडवून मोकळा होतो, कारण उद्या सगळं परत मिळणारच असतं. सात दिवसांचा नियम लावला की त्या सहा-आठ चकमकी आठवड्यावर पसरतात आणि जादूगार आगीचा गोळा टाकण्यापूर्वी शेजाऱ्याला विचारायला लागतो, “आत्ता टाकू का रे, की राहू दे?” मला जे हवं होतं ते हेच.

एक अडचण मात्र पुस्तकात सुटलेली नाही. ‘मेज आर्मर’सारखा मंत्र आठ तास टिकतो. मूळ नियमात म्हणजे जवळजवळ सगळ्या चकमकी त्यात उरकतात. विश्रांती आठवड्याची झाली तरी मंत्र आठच तासांचा राहतो, आणि जादूगाराचं चिलखत पहिल्याच दुपारी गळून पडतं. त्यामुळे तासांत मोजले जाणारे मंत्र मी त्या प्रमाणात लांबवतो. हे केलं नाही तर जादूगार होणारा खेळाडू चार सेशनमध्ये कंटाळतो, आणि त्याचं चुकत नाही.

२. हिट पॉइंट म्हणजे रक्त नव्हे, हे टेबलावर एकदा मोठ्याने सांगून टाका.

रायगडच्या टकमक टोकावरून दहाव्या लेव्हलच्या, म्हणजे चांगल्या मुरलेल्या, लढवय्याने उडी मारली तर काय होईल? हा प्रश्न आमच्याकडे ट्रेक करून आलेल्या एका खेळाडूने विचारला. पाचव्या आवृत्तीत दर दहा फुटांना सहा बाजूंचा एक फासा, पण जास्तीत जास्त वीस फासे. सरासरी बेरीज ७०. बऱ्यापैकी काटक लढवय्याकडे दहाव्या लेव्हलला नव्वदच्या वर हिट पॉइंट असतात. म्हणजे तो खाली पडेल, धूळ झटकेल आणि पाचाडला चहा प्यायला जाईल. सगळे हसले, आणि मग वाद सुरू झाला.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे एक कर्ते गॅरी गायगॅक्स यांनी १९७९च्या डीएमच्या पुस्तकात यावर आपली बाजू मांडली होती. वरच्या लेव्हलच्या माणसाचे वाढलेले हिट पॉइंट म्हणजे त्याच्या अंगात चार घोड्यांचं मांस नव्हे. त्यात कसब, नशीब, देवाची कृपा असं बरंच काही आहे, आणि खरा घाव शेवटच्या थोड्या पॉइंटांचा. तलवारीच्या लढाईला हे छान लागू पडतं. हजार फूट खोल दरीला पडत नाही. शिवाय खुद्द त्याच पुस्तकात विश्रांतीचा हिशोब दिवसाला एक पॉइंट असा असल्याने कसलेल्या योद्ध्याचं नशीब आणि कसब भरून यायला आठवडे लागतात, आणि सहा पॉइंटांचा पोरगा आठवड्याच्या आत ठणठणीत होतो. २००८च्या चौथ्या आवृत्तीने हीच कल्पना शेवटपर्यंत ताणली. तिथला ‘वॉरलॉर्ड’ जखमी साथीदाराला नुसता धीर देऊन हिट पॉइंट मिळवून देतो. ओरडून जखम कशी भरते, असा संताप तेव्हा अनेकांना आला. हिट पॉइंट म्हणजे उमेद असं मान्य केलं, तर त्यात रागावण्यासारखं काही नाही.

म्हणून वर्णन करताना मी काळजी घेतो. ऐंशीतले दहा गेले की “वार ढालीवर घेतलास, खांदा बधिर झाला.” शेवटचे पाच जातात तेव्हाच रक्त. हे पथ्य पाळलं की पराक्रमी शैलीचे नियमही पुरेसे खरे वाटतात, आणि सकाळी बरं होणाऱ्या माणसाबद्दल कुणी कुरकुर करत नाही. टकमक टोकाला हे लागू नाही. तिथे मी फासे टाकत नाही, “मेलास” म्हणतो.

३. क्रिटिकलचे तक्ते शेवटी नायकावरच उलटतात.

‘रोलमास्टर’ची सुरुवात १९८०च्या ‘आर्म्स लॉ’ या पुस्तकाने झाली. त्यात प्रत्येक शस्त्राचा वेगळा तक्ता, आणि वार जोरात बसला की दुसऱ्या, म्हणजे क्रिटिकलच्या, तक्त्यावर फासा टाकून नेमकं काय तुटलं ते वाचायचं. हे तक्ते मोठ्याने वाचण्यात जी मजा आहे ती खेळाच्या दुसऱ्या कुठल्या भागात मला मिळालेली नाही. गुडघा फुटला, कान उडाला, शत्रू जागच्या जागी गार. पोरं तर पुढच्या वाराची वाट बघत बसतात.

फक्त हिशोब लक्षात ठेवा. गॉब्लिन एका चकमकीपुरता जन्माला येतो. त्याच्या वाट्याला चार-पाच वार येणार आणि तो तसाही मरणारच होता. तक्त्याने त्याचं मरण थोडं रंगीत होतं, इतकंच. नायकाला मात्र प्रत्येक चकमकीत उभं राहायचं असतं. वर्षभरात त्याच्यावर शेकडो वार होतात. शंभरात एकदा येणारा निकाल त्याला गाठणारच. म्हणजे दोन्ही बाजूंना सारखा दिसणारा नियम प्रत्यक्षात एकाच बाजूचा डोळा फोडतो. गायगॅक्स यांचा अशा तक्त्यांना आणि अवयववार जखमांना जो विरोध होता त्यामागे हेच होतं. त्यांच्या खेळात वास्तव कमी म्हणून लोकांनी त्यांना नावं ठेवली, पण हे गणित त्यांना लोकांच्या आधी कळलं होतं.

१९७८चा ‘रूनक्वेस्ट’ यातून वेगळी वाट काढतो. त्याचे कर्ते स्टीव्ह पेरिन मध्ययुगीन लढाया हौसेने, चिलखत घालून लढणाऱ्या मंडळींपैकी होते, आणि ते नियमांत दिसतं. वीस बाजूंचा फासा टाकून वार कुठे बसला ते ठरतं. पाय, पोट, छाती, हात, डोकं यांचे हिट पॉइंट वेगवेगळे. पायावर बसला की माणूस खाली. भयंकर वाटतं ना? पण त्या जगात शेतकऱ्यापासून सरदारापर्यंत जवळजवळ प्रत्येकाकडे थोडी जादू असते, आणि जखम बांधायची जादू सर्रास. एका हाताने दिलेला घाव दुसऱ्या हाताने भरलेला आहे. अवयववार जखमांचा तक्ता तेवढा उचलून दुसऱ्या खेळात आणणारे डीएम ही दुसरी बाजू तिकडेच विसरून येतात.

४. वास्तव हवं असेल तर शत्रूला पळू द्या.

खऱ्या लढाईत शेवटच्या माणसापर्यंत कोणी लढत नाही. एक फळी फुटते, बाकीचे पळतात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या १९८१च्या ‘बेसिक’ पेटीत टॉम मोल्डव्हे यांनी याचा साधा नियम दिला आहे: प्रत्येक प्राण्याला दोन ते बारामधला एक धीराचा आकडा, पहिला साथीदार पडला किंवा निम्मे गारद झाले की सहा बाजूंचे दोन फासे टाकायचे, बेरीज धीराच्या वर गेली तर माघार. दहा सेकंदांचं काम. यानं खेळ अधिक खरा होतो आणि अधिक माणसं जिवंतही राहतात, दोन्ही बाजूंची. वास्तवाचे कैवारी म्हणवणारे लोक रक्तस्रावाचा नियम चार पानं लिहितात आणि हा विसरतात, याचं मला कायम नवल वाटतं.

५. उंदीर पकडणाऱ्याच्या हातून वार हुकतो, त्याला वास्तव म्हणू नका.

१९८६ साली ब्रिटनच्या गेम्स वर्कशॉपने ‘वॉरहॅमर फँटसी रोलप्ले’ काढला. यात तुम्ही राजपुत्र म्हणून सुरुवात करत नाही. फासा टाकून धंदा ठरतो: मजूर, भिकारी, थडगी उकरणारा. सर्वांत प्रसिद्ध उंदीर पकडणारा, ज्याच्या सामानाच्या यादीत अधिकृतपणे एक छोटा पण चावरा कुत्रा असतो. या खेळाच्या प्रेमात पडायला मला तो कुत्रा पुरला. शहराच्या गटारात कंदील घेऊन उतरलेला, पगार बुडू नये म्हणून घाबरत पुढे जाणारा माणूस ही कल्पनाच इतकी चांगली आहे.

पण माणसाचं लढाईचं कौशल्य २० अधिक दहा बाजूंचे दोन फासे, म्हणजे सरासरी ३१ टक्के. दोन नवखी माणसं समोरासमोर आली तर जवळजवळ निम्म्या फेऱ्यांत दोघांचेही वार हुकतात, आणि यात वार अडवण्याचा नियम अजून धरलेलाच नाही. “हुकला. हुकला. तुझा? हुकला.” असं पंधरा मिनिटं चालतं. हा खेळ कडक, खरा वगैरे ऐकून आलेला खेळाडू माझ्याकडे बघतो. मी काय सांगणार? गटारात दोन घाबरलेली माणसं सुऱ्या घेऊन भिडली तर वार असे ठरावीक अंतराने हुकत नाहीत. दोन क्षणांत काहीतरी भयानक होऊन जातं, किंवा दोघंही मागे सरकून शिव्या देत राहतात. वारंवार हुकणं हा टक्केवारीचा परिणाम आहे, त्याचा वास्तवाशी संबंध नाही. मी नवख्यांच्या लढाईत सरळ वीस टक्के वाढवून देतो, दोघांनाही. लढाई लवकर संपते आणि भीती वाढते.

या खेळाची खरी करामत दुसरीकडे आहे: फेट पॉइंट. प्रत्येक पात्राला सुरुवातीला ते थोडेसे मिळतात. मरण आलं की एक खर्च करायचा आणि कसंबसं वाचायचं. शत्रूने मेलेला समजून टाकून दिलं, नदीने वाहून नेलं, काहीही. खर्च केलेला पॉइंट सहसा परत मिळत नाही. इतक्या निर्दय म्हणून गाजलेल्या खेळात माणसं पटापट मरत नाहीत, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. पण कागदावर तीनाचे दोन, दोनाचा एक होताना दिसतो, आणि एकच उरल्यावर खेळाडू दार उघडण्याआधी कान लावून ऐकायला लागतो.

याच्या शेजारी पाचव्या आवृत्तीची ‘डेथ सेव्ह’ ठेवून बघा. शून्यावर आलात की दर फेरीला वीस बाजूंचा फासा. दहा किंवा वर आला तर यश, खाली आला तर अपयश. तीन यशं झाली तर जीव स्थिर, तीन अपयशं झाली तर संपलं. कोणीही मदत केली नाही तरी वाचण्याची शक्यता मरण्यापेक्षा जास्त. आणि मदत येतेच, कारण साठ फुटांवरून एका शब्दात ‘हीलिंग वर्ड’ मारता येतो. माणूस पडतो, उठतो, पडतो, उठतो. आमच्याकडे त्याला यो-यो म्हणतात. उठला की आधीची अपयशं पुसली जातात. दोन्ही नियम जीव वाचवतातच. पण एकाची शिल्लक घटत जाते आणि दुसऱ्याची पाटी दर वेळी कोरी होते. आमच्याकडे पाचवी आवृत्ती चालते तेव्हा या नियमात मी एकच बदल करतो: डेथ सेव्हमधली अपयशं मोठ्या विश्रांतीपर्यंत पुसायची नाहीत. यो-यो दुसऱ्याच लढाईत बंद झाला.

६. पात्र घडवायला दोन तास लागत असतील तर ते दहा मिनिटांत मारू नका.

याला फार स्पष्टीकरण नको. जुन्या ‘बेसिक’मध्ये सहा वेळा तीन फासे टाकले, वर्ग निवडला, सामान घेतलं की पात्र तयार, मेलं तर चहा होईपर्यंत दुसरं उभं. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीनंतर पात्र घडवणं हा स्वतंत्र छंद झाला. लोक दहाव्या लेव्हलला कुठली ‘फीट’, म्हणजे खास कसब, घ्यायची ते पहिल्या दिवशी ठरवून येतात. असं पात्र दाराच्या विषारी सुईने मारलंत तर खेळाडू फाशावर रागावत नाही, तुमच्यावर रागावतो. २०१२च्या ‘डंजन क्रॉल क्लासिक्स’ने यावर मस्त तोड काढली. सुरुवातीला प्रत्येकाला तीन-चार शून्य लेव्हलची गावंढळ पात्रं द्यायची, चार बाजूंच्या एका फाशाएवढा जीव असलेली, आणि सगळ्यांना एकदम भुयारात ढकलायचं. जगेल तो तुमचा नायक. आमच्याकडे एकीचा धडधाकट लोहार पहिल्याच खोलीत गेला आणि मरतुकडा कोंबडीवाला वर्षभर चालला. त्या कोंबडीवाल्यावर तिचं जेवढं प्रेम बसलं तेवढं आखून-रेखून बनवलेल्या पात्रावर बसताना मी पाहिलेलं नाही.

७. पोट आणि उजेड मोजायचा असेल तर आधी मंत्रांची यादी तपासा.

पानिपतावर १४ जानेवारी १७६१ला लढाई झाली त्याच्या आधीच रसद तुटून छावणीत उपासमार झाली होती, हे आपल्याकडे शाळेतलं पोर जाणतं. त्यामुळे अन्नपाण्याचा हिशोब लढाईपेक्षा मोठा असू शकतो हे मराठी खेळाडूला पटवावं लागत नाही. मी वाळवंटातली मोहीम जाहीर केली की लोक आपणहून पखाली मोजतात.

आणि मग कोणीतरी ड्रुइड, म्हणजे निसर्गाची जादू येणारं पात्र, घेतो. ‘गुडबेरी’ हा पहिल्या लेव्हलचा मंत्र. दहा बोरं तयार होतात. एक बोर खाल्लं की दिवसभराचं पोषण. एका मंत्रात दहा माणसं जेवली. पाण्याचा प्रश्न उरतो, तो सोडवणारा मंत्रही त्याच पुस्तकात आहे. वाळवंटाच्या मोहिमेची तयारी डीएमने महिनाभर केलेली असते आणि ती दुसऱ्या मिनिटाला संपते. यात ड्रुइडाचा दोष नाही. ज्या खेळात अन्न रोज सकाळी आपोआप परत येतं, तो खेळ उपासमारीचा नाही. तो वेगळ्या गोष्टींचा आहे, आणि त्या गोष्टी चांगल्याही आहेत. उपासमार हवी असेल तर तेवढे दोन-तीन मंत्र काढून टाका, किंवा बोरं करायला काही दुर्मीळ वस्तू खर्च होते असं ठरवा, पण पात्रं बनण्याच्या आधी सांगा. मधेच सांगितलंत तर ती फसवणूक होते.

उजेडाचं गणित मला जास्त आवडतं, कारण त्यात हिशोब कमी आणि धास्ती जास्त. जुन्या आवृत्त्यांत मशाल सहा ‘टर्न’ टिकते, दहा मिनिटांचा एक, म्हणजे तासभर. ती नोंद ठेवायला सगळे कंटाळतात. २०२३च्या ‘शॅडोडार्क’ने सरळ घड्याळ लावलं: मशाल खऱ्या जगातला एक तास जळते. मोबाइलवर टायमर लावून टेबलावर ठेवायचा. कोपऱ्यातल्या दारावर वीस मिनिटं चर्चा करणारी पार्टी मी या नियमाखाली तीन मिनिटांत निर्णय घेताना पाहिली आहे. एकदा टायमरमध्ये बारा मिनिटं असताना आमच्या सोसायटीची लाइट गेली. तो नियमांचा भाग आहे का, यावर अर्धा तास गेला.

८. पराक्रम आणि मरण ही एकाच नियमात राहू शकतात.

पराक्रमी शैली म्हणजे नायक मरत नाही, असं लोक गृहीत धरतात. १९८४च्या ‘ड्रॅगनलान्स’ साहसमालिकेने ही समजूत पक्की केली. तिथे मुख्य पात्रांची पुढची गोष्ट ठरलेली होती, आणि त्यांच्यातलं कोणी गेलंच तर मरण संदिग्ध ठेवा, पुढे परत आणता यावं, असा सल्ला डीएमला दिलेला होता. गोष्ट म्हणून ठीक. पण आमच्या टेबलावर एका संध्याकाळी विषय निघाला: पावनखिंड कुठल्या नियमात खेळता येईल?

१६६०च्या जुलैमध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्याहून निसटून विशाळगडाकडे गेले आणि बाजीप्रभूंनी घोडखिंडीत, म्हणजे पुढे पावनखिंड म्हटल्या गेलेल्या जागी, पाठलाग अडवून धरला. ते जखमांनी चाळणी झाले, तरी गडावरच्या तोफा कानावर येईपर्यंत उभे होते, अशी कथा आपण ऐकत आलो. पाचव्या आवृत्तीत वरच्या लेव्हलचा लढवय्या खिंड अडवेल, नक्की अडवेल. पण हिट पॉइंट उरले तर सकाळी उठून गडावर चालत जाईल. त्यात बाजीप्रभू नाही. रूनक्वेस्टात चौथ्या-पाचव्या फेरीला पायावर वार बसेल आणि माणूस आडवा होईल. त्यातही नाही.

आमच्यातल्या एका वाचकाने ‘पेंड्रॅगन’चं नाव काढलं. ग्रेग स्टॅफर्ड यांचा १९८५चा हा खेळ राजा आर्थरच्या सरदारांचा. हिट पॉइंट थोडे, ते लेव्हलबरोबर वाढत नाहीत कारण लेव्हलच नाही. तलवारीचे दोन-तीन चांगले वार कुणालाही पुरे होतात. पण प्रत्येक सरदाराच्या कागदावर काही ‘पॅशन’ आकड्यांत लिहिलेल्या असतात: स्वामीनिष्ठा, कुटुंबाचं प्रेम, एखाद्याबद्दलचा द्वेष. आणीबाणीच्या क्षणी वीस बाजूंच्या फाशाने स्वामीनिष्ठा आजमावायची. जमलं तर तलवारीच्या कौशल्यात दहाची भर, आणि जिथे चांगल्या सरदाराचं कौशल्य पंधराच्या आसपास तिथे दहा म्हणजे समोरचा टिकतच नाही. नाही जमलं तर उमेद खचते, फार वाईट पडलं तर वेडही लागतं. हिट पॉइंट मात्र एकानेही वाढत नाहीत. माणूस अजिंक्य होतो पण अमर होत नाही.

आम्ही खिंडीचा प्रसंग तसाच उचलून नाही खेळलो. ते मला स्वतःला झेपलं नसतं. आर्थरच्या राज्यातच ठेवलं, नदीवरचा एक उतार आणि मागे निसटणारा राजा. उतारावर उभा राहिलेला सरदार मेला. खेळाडूने कागद उलटा ठेवला, पाणी प्यायला, आणि म्हणाला, “आता मुलाचं वय किती?” कारण पेंड्रॅगनमध्ये मोहिमेनंतर हिवाळा येतो, त्यात लग्नं, बाळंतपणं, पिकं, आणि पस्तिशीनंतर म्हातारपणाचे फासे असतात, बाप गेला की मुलगा वारसा आणि लौकिकाचा काही हिस्सा घेऊन येतो. इथे मेलेला माणूस परत येत नाही, घराणं येतं. कठोर विरुद्ध पराक्रमी असा वाद घालणाऱ्या कुणालाही मी आधी हा खेळ एक वर्ष खेळायला सांगतो. वाद संपत नाही, पण त्यातले प्रश्न सुधारतात.

९. पहिल्या बैठकीत “कॅरेक्टर मेलं तर चालेल का?” हे विचारू नका.

यावर सगळे शूर असतात. “चालेल की, त्यातच मजा आहे!” मी विचारतो ते प्रश्न कंटाळवाणे आहेत. जखमी होऊन तीन आठवडे गावात पडून राहावं लागलं आणि तेवढ्यात खलनायकाने पूल जाळला, तर चालेल? हात गेला तर एका हाताने पुढचं वर्ष खेळशील, की नवं पात्र मागशील? जादू संपलेला जादूगार म्हणून अख्खी संध्याकाळ बसायला जमेल? रविवारी चार तास काढून, कात्रजहून दीड तासाचा ट्रॅफिक तुडवत येणारा माणूस या तिसऱ्या प्रश्नाला प्रामाणिकपणे “नाही” म्हणतो, आणि ते उत्तर मला सोन्यासारखं असतं.

उत्तरं दोन्हीकडची आली तर मी नियम जागेवर टाकतो. सध्याच्या मोहिमेत रानात आणि रस्त्यावर सात दिवसांची विश्रांती, तटबंदीच्या शहरात नेहमीची आठ तासांची. डोंगरातल्या एका जुन्या देवळात पुस्तकातलाच दुसरा टोकाचा नियम, ‘एपिक हिरोइझम’: पाच मिनिटांची छोटी विश्रांती आणि एका तासाची मोठी. तिथे सगळे अफाट लढतात, बाहेर पडल्यावर पुन्हा पाय ओढत चालतात. कुठे कोणता नियम लागू ते नकाशावर रंगाने दाखवलेलं आहे आणि तो नकाशा खेळाडूंच्या समोर असतो, कारण रानातून देवळापर्यंत कुठले मंत्र पुरवून वापरायचे ते जादूगाराला निघण्याआधी ठरवावं लागतं.